कागदोपत्री वेगळी आई

आर्लो फॉसमने स्वतःचाच अर्ज नामंजूर केला, तेव्हा सकाळचे दहा वाजले होते आणि टेबलावरची कॉफी अजून गरम होती.

आमच्या नॉर्डबी गावच्या शाळेत दुपारचं जेवण कुठल्या मुलाला फुकट, कुणाला सवलतीत आणि कुणाला पूर्ण पैसे मोजून, हे ठरवायचं काम आर्लोकडे होतं. घरात माणसं किती, त्यांची मिळकत किती ते बघायचं, सरकारी तक्ता शेजारी ठेवायचा आणि शिक्का मारायचा. चौदा वर्षं तो हे करत होता आणि चौदा वर्षांत त्याने कुणाची एक चूक पोटात घातली नव्हती. मिळकतीच्या रकान्यात कुणी ‘बेताची’ असं लिहिलं, अर्ज परत. घरातल्या माणसांत कुणी कुत्र्याचं नाव घातलं, अर्ज परत. माझ्या सुनेचा अर्ज त्याने सही हिरव्या शाईत आहे म्हणून परत पाठवला होता. आम्ही त्याच्या शेजारीच राहतो, कुंपणाला कुंपण लागून. म्हटलं, शेजारधर्म म्हणून सोडील. छे!

त्या वर्षी मात्र अर्ज करायची पाळी त्याच्यावरच आली. त्याची बायको ट्रिना वृद्धाश्रमात कामाला होती, तिथे जुलैपासून तिचे तास निम्मे झाले. मॅरेन अकरा वर्षांची, कोल्टन आठ वर्षांचा, आणि दोघांचीही भूक आपापल्या वयाच्या दुप्पट. तेव्हा आर्लोने कचेरीचं दार लोटून घेतलं आणि पेन्सिलने अर्ज भरला. ओळ पहिली, आर्लो. दुसरी, ट्रिना. तिसरी आणि चौथी, मुलं. पाचवी, आई, आर्डिस फॉसम.

आईपाशी आकडा अडला. आईचं पेन्शन होतं. शिवाय चर्चमागची ऐंशी एकर जमीन होती आणि तिचा खंड येत होता. किती येत होता हे आर्लोने कधी विचारलं नव्हतं, पण आर्डिसबाईंचं बरं चाललंय हे सगळ्या नॉर्डबीला माहीत होतं. आम्ही नॉर्डबीकर तोंडावर कुणाला काही विचारत नाही, नुसता अंदाज बांधतो, आणि मग आपलाच अंदाज एकमेकांना बातमी म्हणून सांगतो. ज्या बाईच्या बनमध्ये एवढं लोणी, तिच्याकडे पैसा असणारच, हा आमचा हिशेब. आर्लोनेही तोच हिशेब धरून आकडा मांडला. बेरीज तक्त्यातल्या शेवटच्या रकान्याच्याही पलीकडे गेली. ना फुकट, ना सवलत.

मग त्याने पेन्सिल उलटी केली आणि रबराने आईला खोडलं.

यात बेकायदा असं काही नव्हतं. म्हणजे, अगदी नव्हतंच असं नाही. नियम असा की, एका छपराखाली राहूनसुद्धा ज्याची मिळकत वेगळी, खर्च वेगळा आणि खाणंपिणं वेगळं, ते कुटुंब वेगळं. आर्लोला हा नियम तोंडपाठ होता. चार माणसांची बेरीज करून बघितली, तर ती बरोबर सवलतीच्या रकान्यात बसली. त्याने चार ओळी पेनने गिरवल्या. आता फक्त आईची सही हवी होती.

आर्डिसबाई कोण हेही सांगायला हवं. या शाळेच्या स्वयंपाकघराच्या त्या एकतीस वर्षं मुख्य आचारीण होत्या. गावातला पन्नाशीच्या आतला जवळजवळ प्रत्येक माणूस त्यांच्या हातचं खाऊन वाढलेला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घराचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं ते घेतलंच. ट्रिनाची त्याला मुळीच हरकत नव्हती.

संध्याकाळी आर्लो घरी आला तेव्हा त्या खिम्यावर बटाट्याचा थर लावून भाजलेलं हॉटडिश भट्टीतून काढत होत्या.

“आई, इथे एक सही कर.”

“कशावर?”

“काही नाही गं, शाळेचा कागद आहे. तू आमच्यापासून वेगळी राहतेस एवढंच लिहिलंय.”

आर्डिसबाईंनी भांडं खाली ठेवलं. “मी वेगळी राहते?”

“कागदोपत्री.”

“कुठे राहते?”

“इथेच.”

“मग वेगळी कशी रे?”

“म्हणजे तुझा खर्च तुझा, आमचा आमचा. तुझं तू करून खातेस.”

आर्डिसबाईंनी टेबलाकडे पाहिलं. पाच ताटं मांडलेली होती, पाचही त्यांनीच मांडलेली. “आणि हे खाली बारीक अक्षरांत काय छापलंय?”

“‘वरील माहिती सत्य असल्याचे मी शपथपूर्वक सांगते.’ ते सगळ्याच कागदांवर असतं.”

“याने मुलांना जेवण मिळेल ना?”

“सवलतीत मिळेल.”

त्यांनी हात धुतले, पुसले, चष्मा लावला. अर्ज वरपासून खालपर्यंत वाचला. पाचव्या ओळीवर त्यांचं बोट जरा थांबलं. मग अर्जाखाली जोडलेल्या, वेगळं राहण्याच्या चिठ्ठीवर त्यांनी सही केली, नेहमीसारखी, ठळक आणि सरळ.

“शपथेवर लिहून दिलंय, तेव्हा आता ते खरं करायला हवं,” त्या म्हणाल्या.

आर्लोचं लक्ष हॉटडिशकडे होतं.

स्वतःचा अर्ज स्वतः मंजूर करायचा नाही, हाही नियमच. त्यामुळे कागद मुख्याध्यापिका क्विस्टबाईंकडे गेला. क्विस्टबाई मुलींना व्हॉलीबॉल शिकवायच्या आणि गुरुवारी शाळेची बसही चालवायच्या. त्यांनी बसच्या स्टिअरिंगमागे बसूनच शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्लो स्वयंपाकघरात आला तो दारातच थबकला. फ्रीजच्या मधोमध निळी चिकटपट्टी लावलेली होती. तीच पट्टी पुढे ओट्यावरून, कपाटावरून आणि जेवणाच्या टेबलावरून गेली होती. शेगडीचे उजवे दोन जाळ आईचे, डावे दोन आर्लोचे. डाव्यांपैकी मागचा कोल्टनच्या जन्मापासून बंद होता.

“हे काय?”

“वेगळं राहणं,” आर्डिसबाई म्हणाल्या. त्या स्वतःपुरती कॉफी करत होत्या. “आत्तापर्यंत जमत नव्हतं. पण शपथ घेतल्यावर काय करणार?”

“आई, ते कागदापुरतं होतं गं!”

“मी खोट्या कागदावर सही केली, असं म्हणायचंय का तुला?”

असं म्हणणं आर्लोला शक्य नव्हतं. चौदा वर्षं तो लोकांना नेमकं हेच म्हणत आला होता.

पहिल्या संध्याकाळी आर्लोने नूडल्स केल्या. दुसऱ्या संध्याकाळीही नूडल्सच केल्या, पण त्या पहिल्या दिवशीच्याच होत्या. पट्टीपलीकडे आर्डिसबाईंनी दालचिनीचे बन भाजले. शपथेत वासाबद्दल काही म्हटलेलं नव्हतं, त्यामुळे वास दोन्ही कुटुंबांत सारखाच आला.

कोल्टनने काटा खाली ठेवला. “आजी, मी तुझ्या कुटुंबात येऊ?”

“ये की.”

“कागद भरायला लागेल?”

“ताट घेऊन येणाऱ्या पोराला मी आजवर कागद मागितलेला नाही,” आर्डिसबाई म्हणाल्या.

कोल्टन ताटासकट पलीकडे गेला. मॅरेन वडिलांच्या वळणावर गेलेली, तिने आधी नियम विचारून घेतले आणि मग तीही गेली. टकर नावाचा कुत्रा कुणाला न विचारताच टेबलाखालून सरकला. ट्रिना तीन दिवस नवऱ्याच्या बाजूने टिकली, हा तिचा मोठेपणाच. चौथ्या दिवशी वृद्धाश्रमातून दमून आल्यावर तिने आर्लोच्या भांड्याचं झाकण उचललं, परत ठेवलं आणि आपली खुर्ची उचलली.

“ट्रिना, तू पण?”

“अरे, मी काय, इथेच आहे. दोन फुटांवर. हाक मारलीस तर ऐकू येईल.”

मुलांना दुपारी शाळेत सवलतीचं जेवण मिळू लागलं होतं. संध्याकाळी आजीचं मिळत होतं. आर्लो सुपाचे डबे उघडत होता. सप्टेंबर संपेपर्यंत त्याच्या पँटचा पट्टा दोन भोकं आत गेला. गावात आम्ही त्याला विचारलं, “तब्येत कमी केलीस वाटतं?” तो म्हणाला, “हो, जरा लक्ष देतोय.” आम्ही मान डोलावली. खरं काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, कोल्टनने बसमध्ये सांगितलं होतं.

मग ऑक्टोबर आला आणि ऑक्टोबरबरोबर पडताळणी. मंजूर अर्जांपैकी शंभरात तीन निवडायचे आणि त्या घरांकडून पुरावे मागायचे. ज्याची बेरीज मर्यादेच्या अगदी काठावर, त्याचा नंबर आधी लागतो. मंजूर अर्ज होते एकोणतीस, म्हणजे निवडायचा एक. आर्लोने यादी काठापासून लावली आणि चष्मा पुसला. पहिलंच नाव फॉसम होतं.

त्याने यादी उलटी लावून बघितली. बाहेर जाऊन पाणी पिऊन आला आणि पुन्हा लावली. नाव काही हललं नाही. कागदावरचा माणूस काही हलवता येत नाही. आता हे आर्लोला पटायला हवं होतं, कारण एक नाव हलवून बघितल्याचाच हा सगळा परिणाम होता. शेवटी त्याने पत्र छापलं, खाली सही केली आणि पेटीत टाकलं.

तिसऱ्या दिवशी ते त्याच्याच घरी आलं. ट्रिनाने पट्टीपलीकडून सरकवलं. आर्लो वाचू लागला आणि त्याचे कान लाल झाले.

“‘दहा दिवसांत पुरावे सादर न केल्यास आपल्या पाल्यांची सवलत तात्काळ रद्द करण्यात येईल. कोणतीही सबब ऐकून घेतली जाणार नाही.’ ही काय बोलायची रीत झाली? आम्ही काय चोर आहोत? एक साधं ‘कृपया’ लिहायला काय झालं होतं?”

“खाली सही कुणाची आहे?” ट्रिनाने विचारलं.

आर्लोने पत्राची घडी घातली. मग पुन्हा उघडून वाचलं, आणि या खेपेला हळू वाचलं. चौदा वर्षांपूर्वी हा मजकूर लिहून झाल्यावर तो स्वतःवर फार खूश झाला होता. थोडक्यात आणि स्पष्ट, असं त्याला वाटलं होतं. तेच पत्र हातात घेऊन माझी सून तीन वर्षांपूर्वी गाडीत बसून रडली होती. हे मी त्याला कधी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं. पण वर म्हटलं तसं, आम्ही नॉर्डबीकर.

पुरावे कसले द्यायचे हाही पेचच होता. दोन कुटुंबं वेगळी असल्याचा पुरावा म्हणून निळी पट्टी लखोट्यात घालता येईना. क्विस्टबाई म्हणाल्या, “रविवारी चर्चहून येताना मीच डोकावते. आर्डिसबाईंच्या हातची कॉफीही होईल.”

रविवारी दुपारी त्या वही घेऊन आल्या आणि टेबलापाशी उभ्या राहिल्या. पट्टीच्या त्या बाजूला आर्डिसबाई, ट्रिना, मॅरेन आणि कोल्टन बसले होते, खाली टकर होता, मधे भाजलेलं डुकराचं मांस, बटाटे, बीन्स आणि बन होते. या बाजूला आर्लो होता आणि एक टोमॅटो सूप.

“आर्लो, अर्जात लिहिलंय की या घरात दोन कुटुंबं आहेत.”

“हो.”

“एक चौघांचं आणि एक एकट्या माणसाचं.”

“हो.”

क्विस्टबाईंनी दोन्हीकडे बोट फिरवून माणसं मोजली. “आकडा तर बरोबर आहे की. फक्त माणूस चुकलाय.”

कोल्टन खिदळला. आर्लोने सुपात चमचा फिरवला.

“बरं, आर्डिसबाई,” क्विस्टबाई म्हणाल्या, “तुमची मिळकत वेगळी आहे एवढं दाखवणारं काही असलं तर द्या, म्हणजे मी सुटले.”

आर्डिसबाई उठल्या आणि खोलीतून बिस्किटांचा डबा घेऊन आल्या. त्यातला एक कागद काढून त्यांनी टेबलावर, बरोबर पट्टीवर ठेवला. आर्लोने मान लांब करून पाहिलं. महिना पाचशे वीस डॉलर.

“हे पेन्शन झालं,” तो म्हणाला. “आणि खंडाचा कागद?”

“खंड नाही.”

“असं कसं? ऐंशी एकरांचा...”

“जमीन विकली. सहा वर्षं झाली. तुझ्या बाबांच्या इस्पितळात गेले सगळे पैसे.”

“विकली? कुणाला?”

आर्डिसबाईंनी खिडकीबाहेर पाहिलं. खिडकीबाहेर कुंपण आहे आणि कुंपणापलीकडे मी राहतो. आता कबूल करायला हरकत नाही, जमीन मीच घेतली होती. कुणाला सांगायचं नाही, अशी आर्डिसबाईंनी शपथ घातली होती. मी चारचौघांत ‘आर्डिसबाईंची जमीन खंडाने करतो’ असं म्हणायचो आणि दर हिवाळ्याआधी त्यांच्या फ्रीजरमध्ये अर्धं डुक्कर आणि तळघरात बटाट्याची चार पोती ठेवून यायचो. त्या मला बन द्यायच्या. दोनशे पोरांना कमीत कमीत जेवू घालायची विद्या त्यांच्या हातात होती. ती पाचांच्या घरात वापरली की बघणाऱ्याला श्रीमंती वाटते.

“मला का नाही सांगितलंस?” आर्लोचा आवाज अगदी बारीक झाला होता.

“तू विचारलंस कधी? अख्ख्या गावाची मिळकत विचारतोस. पेन्सिल उलटी करायच्या आधी एकदा मला विचारायचं होतंस.” आर्डिसबाईंनी डब्याचं झाकण लावलं. “पाचव्या ओळीत माझं नाव खोडलेलं दिसत होतं रे. चष्म्याशिवायसुद्धा दिसलं असतं.”

आर्लोने सूप बाजूला सरकवलं. त्याला खूप वाईट वाटलं आणि ते त्याच्या तोंडावर सरळ दिसत होतं.

“चुकलो, आई,” तो म्हणाला. “मला वाटलं, तुला धरलं तर पोरांचं जेवण जाईल.”

क्विस्टबाई मात्र वहीत काहीतरी मांडत होत्या. त्यांनी तक्ता काढला, बोट एका ओळीवरून खालच्या ओळीवर नेलं आणि भुवया उंचावल्या.

“आर्लो, हे तू पण बघ. तू चार माणसं धरलीस, तर बेरीज फुकटच्या मर्यादेच्या जेमतेम वर गेली, म्हणून सवलतीत बसली. आईला धरलंस तर माणसं पाच होतात. माणूस वाढला की मर्यादा वाढते, आणि ती पाचशे वीसपेक्षा जास्तच वाढते. बेरीज सवलतीच्या रकान्यात राहतच नाही.”

“वर जाते?”

“खाली येते. फुकटच्या रकान्यात. आईला खोडलं नसतंस तर पोरांना पहिल्या दिवसापासून फुकट मिळालं असतं.”

चौदा वर्षं सगळ्या गावाच्या चुका काढणारा माणूस तक्त्याकडे बघत बसला. त्याने बेरीज स्वतः करून पाहिली, दोनदा. दोन्ही वेळा ती क्विस्टबाईंच्याच बाजूने निघाली.

“फसवणूक म्हणून लिहू का नुकसान म्हणून?” क्विस्टबाईंनी विचारलं. “नियमात अशी चूक कुठेच नाही. स्वतःचंच कमी करून घेणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय. राहू दे, दुरुस्ती म्हणून लिहिते.”

त्यांनी कोरा अर्ज पुढे केला. आर्लोने या वेळी पेन्सिल मागितलीच नाही. पेनने, पहिल्या ओळीत, त्याने आईचं नाव लिहिलं आणि खाली बाकीच्या चौघांची. सही केली. मग ताट उचललं, खुर्ची उचलली आणि पट्टीच्या दिशेने निघाला.

“थांब,” आर्डिसबाई म्हणाल्या. “अर्ज?”

“आई! तू तर पोरांना कागद मागत नाहीस ना!”

“पोरांना नाही मागत. तू कारकून आहेस.”

मॅरेनने वहीचं पान फाडून ठेवलेलंच होतं, रकाने आखून. आर्लोने उभ्या उभ्या भरलं. अर्जदाराचं नाव, आर्लो. घरात माणसं, पाच. मिळकत या रकान्यात त्याने थोडा विचार करून ‘बेताची’ असं लिहिलं.

आर्डिसबाईंनी चष्मा लावून सगळं वाचलं, अगदी बारीक छपाईपर्यंत. बारीक छपाई मॅरेनने हाताने काढली होती.

“मुलं फुकट,” त्यांनी निकाल दिला. “ट्रिना फुकट. टकर फुकट. आर्लो सवलतीत.”

“सवलतीत म्हणजे?”

“भांडी घासायची.”

आर्लोने क्विस्टबाईंकडे पाहिलं. अपील त्यांच्याकडे करायचं असतं. क्विस्टबाईंच्या तोंडात बन होता, त्यांनी नुसतीच नकारार्थी मान हलवली. आर्डिसबाईंनी ताट पुढे ओढून घेतलं आणि त्यात आधी बटाटे वाढले, मग मांस, मग दोन बन, आणि टेबलावरची पट्टी एका टोकाला धरून ओढून काढली. फ्रीजवरची राहू दिली.

सोमवारी पडताळणीच्या पत्राचा मजकूर बदलला. आता त्यात दोनदा ‘कृपया’ आहे आणि शेवटी ‘अडचण असल्यास येऊन भेटा, कॉफी असते’ असंही आहे. माझ्या सुनेचा पुढचा अर्ज हिरव्या शाईतच गेला आणि मंजूर होऊन आला.

आर्लोची घरातली सवलत मात्र नियमाप्रमाणे एका वर्षापुरतीच असते, दर ऑगस्टला नव्याने अर्ज करावा लागतो. आर्लो न चुकता करतो. दर वर्षी परिस्थिती हलाखीची असल्याचं सविस्तर लिहितो आणि फुकटच्या रकान्यात बसवण्याची विनंती करतो. आर्डिसबाई चष्मा लावून पूर्ण वाचतात आणि सवलत कायम ठेवतात. रोज जेवणं झाली की माझ्या खिडकीतून तो दिसतो, कोपरापर्यंत फेसात.